मामाला सोबत नेऊन घेतलेली दुर्बीण

रायफलीवर बसवायची दुर्बीण घ्यायला ठाण्याला जायचं ठरलं, तेव्हा मी मामाला फोन करून सोबत बोलावलं. फोन ठेवता ठेवताच लक्षात आलं की आपण स्वतःची अडचण स्वतःच वाढवून घेतली.

बोलावण्याचं कारण साधं होतं. आमच्यात मोठी वस्तू घेताना घरातलं वडीलधारं माणूस दुकानात सोबत असावं लागतं. वस्तूला पहिला हात त्याचा. माझे वडील मी प्राथमिक शाळेत असतानाच गेले. आई खर्डीजवळच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावर राहिली आणि मला तिने टोकावड्याच्या बाजूला, तिच्या भावाच्या घरी, शिकायला ठेवलं. दहावी त्या घरातून झाली, बारावी त्या घरातून झाली, मुरबाडच्या कॉलेजातली बी.एस्सी.सुद्धा त्याच घरातून झाली. आमच्या दोन्ही घरांत पदवी घेतलेला पहिला मी. आज शहापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो तो मामा-मामीने वाढलेल्या जेवणावर. हे मी कुणालाही सांगतो आणि सांगताना मला बरं वाटतं. मोटरसायकल घेतली तेव्हा तिला हार मामाने घातला होता. मग दुर्बिणीला दुसऱ्या कुणाला नेणार?

अडचण अशी होती की मामाला वाटत होतं, दुर्बीण डुकरासाठी आहे.

मामाची शेवटची दोन खाचरं रानाला लागून आहेत. मध्ये फक्त एक ओहोळ. भात दुधात आलं, दाणा भरायला लागला, की रानडुकरं ओहोळ ओलांडून येतात आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. हे दर वर्षीचंच. पण गेल्या वर्षी मामी सकाळी गवताला गेली आणि बांधाच्या आडून उठलेल्या डुकराने तिची मांडी फाडली. जखम भरली, पण पाय पूर्वीसारखा वाकत नाही. आयुष्यभर उकिडवं बसून लावणी केलेली बाई आता ओटीवर पाय लांब करून बसते आणि तिथून सगळ्यांना कामं सांगते. तेव्हापासून मामाच्या डोक्यात एकच होतं. तो डुक्कर. कुठला डुक्कर, हे कोण ओळखणार? पण मामा एकवचनातच बोलायचा. तो.

आणि माझ्याकडे रायफल होती. कॉलेजात एनसीसीत असताना नेमबाजीची गोडी लागली, नोकरी लागल्यावर एका क्लबात जाऊ लागलो, आणि पुष्कळ खेटे घातल्यावर पॉइंट टू टू रायफलीचा परवाना मिळाला. चौकशीला पोलीस शाळेत आले होते. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ह्या मुलाची हमी मी देतो." परवाना खेळाचा. घरातून रेंजवर आणि रेंजवरून घरी, एवढाच त्या रायफलीचा रस्ता. रानात ती नुसती घेऊन दिसलो तरी परवाना जाईल, नोकरीवर येईल, आणि हमी देणाऱ्या माणसाची मान खाली जाईल. शिवाय तिची गोळी बारीक. कागदाला भोक पाडायला पुरते. डुकराला ती फक्त जखमी करील, आणि जखमी डुक्कर काय करतो ते मामीच्या पायावर लिहिलेलं होतं.

हे मी मामाला एकदा सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "गोळी ती गोळी. वर्मी बसली पायजे. वर्मी बसायला दिसलं पायजे." आणि आता मी दिसायचं साधनच आणायला निघालो होतो.

आमच्या क्लबाने दिवाळीनंतर लांब पल्ल्याची स्पर्धा ठेवली होती. शंभर मीटर, दुर्बीण लावून. पॉइंट टू टूला शंभर मीटर म्हणजे लांबच. वारा गोळीला सहज ढकलून नेतो. मामाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. भात पिकायच्या आत घेतोस." मी त्यावर काही बोललो नाही. तिथेच बोलायला हवं होतं असं वाटत राहिलं, पण ज्या माणसाच्या ताटात जेवलो त्याला फोनवर नाही म्हणणं मला जमेना.

शहापूरहून मुरबाडला आलो. मामा स्टँडसमोर उभा होता. धुतलेला सदरा, हातात पिशवी. पिशवीत नारळ.

"हळद-कुंकू पण घेतलंय," गाडीवर मागे बसत तो म्हणाला. "दुकानवाला काय बोलणार नाय ना?"

"नाही बोलणार."

"बोलला तर बाहेर रस्त्यावर फोडू."

ठाण्यातलं दुकान आत एका गल्लीत होतं. दाराला जाळी, आत थंड हवा, काचेच्या कपाटांत एअरगन. दुकानदार, माझे वडील असते तर त्यांच्या वयाचा, चष्मा कपाळावर. त्याने परवाना पाहिला, कशासाठी हवी ते विचारलं. मी शाळेचं, क्लबाचं आणि स्पर्धेचं सांगितलं. त्याने काउंटरवर मखमलीचं कापड पसरलं आणि एकेक दुर्बीण काढून ठेवायला सुरुवात केली.

क्लबात नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी मला आधीच बजावलं होतं. जास्त पट मोठं दिसतं म्हणून भुलू नकोस. काच स्वच्छ हवी. वरच्या आणि बाजूच्या चकत्या फिरवल्या की आतला नेम धरायचा काटा नेमका तेवढाच सरकायला हवा आणि उलट फिरवल्यावर नेमका परत यायला हवा. आणि डोळा जरा इकडेतिकडे झाला की निशाणावरचा काटा सरकल्यासारखा दिसतो, ते अंतराप्रमाणे सुधारून घ्यायची तिसरी चकती हवी. मी नववीच्या मुलांना भिंग शिकवतो. पण इतक्या महाग भिंगाला हात लावायची माझी पहिलीच वेळ. दुकानदाराने दिलेली पहिली दुर्बीण डोळ्याला लावली तर आत नुसता काळोख. डोळा किती लांब धरायचा हेच कळेना.

"दिसतंय काय?" मामाने विचारलं.

"अजून नाही."

"मला दे."

मामाने दुर्बीण घेतली, जरा मागेपुढे केली आणि थांबला. त्याला लगेच दिसलं. दाराच्या जाळीतून तो समोरच्या इमारतीकडे बघत राहिला. "च्यायला. बाई कपडं वाळत घालतेय. चिमटा दिसतोय चिमटा."

"काका, माणसांकडे नाही बघायचं," दुकानदार म्हणाला. "ती समोरची टाकी बघा."

मामाने मुकाट्याने टाकी बघितली. एकामागून एक त्याने सगळ्या बघितल्या. एक मोठ्या तोंडाची, कमी पटीची होती. तिच्यात काट्याच्या मध्ये लाल ठिपका पेटायचा. ती त्याने खाली ठेवलीच नाही.

"ही अंधार पडल्यावर दिसंल काय?"

"अंधारात काय बघायचंय काका?" दुकानदाराने हसत विचारलं.

"डुक्कर."

दुकानात आणखी कुणी नव्हतं, पण मला वाटलं सगळी कपाटं ऐकतायत. दुकानदाराचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. मग त्याने मामाच्या हातून दुर्बीण काढून घेतली, तिला टोपणं लावली, आणि कापडावरच्या बाकीच्यांनाही एकेक करून टोपणं लावायला लागला. मला तो टोपणांचा आवाज अजून आठवतो. टप, टप.

"परवाना खेळाचा आहे तुमचा," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

"हो."

"मग हे मी काय ऐकतोय?"

"मामा सहज बोलले. त्यांच्या शेतात डुकरं येतात, मामीला..."

"मी सहज कशाला बोलेन?" मामा म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं काय झालं ते. त्याच्या गावात ही गोष्ट कुणी लपवून बोलत नाही. डुक्कर शेतात येतो, तो मारावा लागतो, त्यात चोरी कसली? "बाईचा पाय फाडलान त्याने. तुमी असतात तर काय केलं असतंत?"

"काका, मी वनखात्याकडे गेलो असतो. आणि तिकडे नसतो गेलो तरी बंदुकीच्या दुकानात येऊन बोललो नसतो." दुकानदाराने माझा परवाना परत उघडला आणि त्यातलं नाव वाचलं. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. हा आता फोन करणार.

त्याने फोन केलाच. पण क्लबाच्या सरांना. स्पीकर लावून. "तुमच्याकडचे एक गुरुजी आलेत शहापूरचे. कागदावर मारतात ना हे?"

सरांचा आवाज आला, "कागदावर मारतो. पण कागदाला अजून त्याची फारशी भीती वाटत नाही. काय झालं?"

"काही नाही. विचारलं."

दुकानदाराने फोन ठेवला. मग दोन दुर्बिणींची टोपणं काढली आणि त्या माझ्यासमोर ठेवल्या. एक मामाने धरून ठेवलेली, लाल ठिपक्याची. दुसरी लांब, जास्त पटीची, बारीक काट्याची, तिन्ही चकत्या असलेली. किंमत दोघींची जवळपास सारखी, म्हणजे तो आडोसाही मला नव्हता.

"ह्या पहिल्यात कागद नाय दिसणार काय?" मामाने दुकानदाराला विचारलं.

दुकानदार प्रामाणिक होता. "कागद हिच्यातपण दिसेल काका."

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी पहिली उचलली. काटा जाड होता. शंभर मीटरवरचं मधलं बारीक वर्तुळ त्याच्याखाली झाकून गेलं असतं. दुसरी उचलली. टाकीवरचा गंजाचा डाग काट्याने जणू मधोमध कापला. पण जरा अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवली तर तोच काटा कुठे गेला कळेना. म्हणजे संध्याकाळ झाली की ही आंधळी. मला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या, आणि मामाला यातली कुठली सांगायची ते ठरवायला फार वेळ नव्हता.

"ही द्या," मी दुसरीवर हात ठेवला. "मामा, हिच्यात अंधारात दिसत नाही. मला माहीत आहे. तरी हीच."

दुकानदाराने खोका बांधला आणि तो मामापुढे केला. मी सांगितलं होतं त्याला, पहिला हात ह्यांचा. मामाने खोक्याला बोट लावून कपाळाला लावलं. नारळ पिशवीतून काढला नाही.

परतीला गाडीवर तो मागे बसला होता तरी माझ्या खांद्याला धरलं नाही. मागच्या लोखंडाला धरून बसला. मुरबाडला चहाला थांबलो. मामाने चहा संपवला. मग बशी खाली ठेवत म्हणाला, "रविवारी ये. बंदूक घेऊन ये. उजेड असतानाच येतो तो कदी कदी. मामीला मी बोललोय भाचा येणार."

आणि एसटी लागलेली होती तिच्यात जाऊन बसला. खिडकीतून हातही केला नाही.

शनिवारी रेंजवर दुर्बीण चढवली. तिची नजर रायफलीशी जुळवायची असते: काटा जिथे, गोळी तिथे, असं होईपर्यंत मारत राहायचं आणि चकत्या फिरवत राहायचं. माझ्या गोळ्या डावीकडे खाली पडत होत्या. चकती फिरवली, आणखी डावीकडे गेल्या. पुन्हा फिरवली, आणखी डावीकडे.

"उलट फिरवतोयस," सर मागून म्हणाले. "पोरांना हेच शिकवतोस?"

मी सरळ फिरवली. हळूहळू भोकं मध्ये यायला लागली. पण जास्त पटीच्या दुर्बिणीत एक गोष्ट दिसते ती साध्या डोळ्याला कधी दिसली नव्हती. छातीतला ठोका. पडून नेम धरला की प्रत्येक ठोक्याला काटा वर्तुळातून उडी मारायचा आणि परत यायचा. मी श्वास धरून तो शांत व्हायची वाट बघत होतो आणि तो होत नव्हता. निशाणामागे मातीचा मोठा बांध होता. चुकलेली गोळी त्यात जाऊन गाडली जायची. चुकायला तिथे काही हरकत नव्हती. पण माझं मन रविवारी होऊ शकणाऱ्या चुकीत अडकलं होतं.

"काय झालंय?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी समोरच्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी तुला काही सांगणार नाही. मला सांगायला सोपं आहे. मामा माझा नाही."

रविवारी सकाळी मी कपाट उघडलं. रायफल बाहेर काढली आणि तिच्यावरची दुर्बीण काढायला सुरुवात केली. दुर्बीण एकदा उतरवली की बसवलेली नजर गेली. पुन्हा पहिल्यापासून सगळं. स्पर्धेआधी रेंज मिळेल की नाही तेही ठाऊक नव्हतं. तरी काढली. रिकाम्या हाताने गेलो असतो तर ते पळून जाणं झालं असतं. माझा बेत असा होता की संध्याकाळी मामाला शेतात नेऊन हिच्यातून बघायला लावायचं. अंधार आला की हिच्यात काही दिसत नाही हे त्याच्याच डोळ्याला कळलं असतं. दुर्बीण जुन्या लोकरी मोज्यात घातली, रायफल कुलपात ठेवली, आणि निघालो.

पोचलो तेव्हा मामी ओटीवर होती. तिने गाडीच्या मागे बघितलं, मग माझ्या खांद्यावर बघितलं.

"कुठाय रे ती?"

"घरी आहे मामी."

"घरी? तिला काय जेवण करायला ठेवलीस?"

मामा आतून आला. त्यानेही तसंच बघितलं. गाडीच्या मागे, मग खांद्यावर. त्याचा चेहरा उतरला नाही, उलट घट्ट झाला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आणली नाही मी मामा. आणणार नाही."

"आनि ती दुर्बिणीची नळी?"

"नळी आणलीय. तुम्ही बघा एकदा, मग काय ते बोला."

"जेव आदी," मामी म्हणाली, आणि मामाला म्हणाली, "तुमी पण. उपाशी भांडू नका, आवाज निघत नाय मंग."

जेवताना भाकरी मागायची झाली तरी मी मामीकडे बघायचो, मामाकडे नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मला परक्यासारखं वाटत होतं, आणि मामाला मी तसं वाटत असेन हे त्याहून वाईट होतं.

दुपार कलल्यावर शेतात गेलो. परतीच्या पावसाची झिमझिम मधूनच येत होती. भात पिवळं पडायला लागलेलं, आणि ओहोळाच्या बाजूला ताटाएवढ्या, कुठे खाटेएवढ्या जागा लोळवलेल्या. मामाने त्या दाखवल्या नाहीत. मी बघाव्यात म्हणून तो फक्त थांबत थांबत चालला. वरच्या बांधावर भाताच्या तुसाची गोणी ठेवलेली होती. ती त्याने बंदूक टेकवायला आणून ठेवली होती, हे मला विचारावं लागलं नाही.

मी दुर्बीण गोणीवर ठेवली आणि तिच्याखालचं तूस दाबून घर केलं. मामा पालथा झोपला. समोर खाली ओहोळ, त्याच्या काठाला उंच लव्हाळा, मागे करवंदीच्या जाळ्या आणि त्याच्या मागे रान. साध्या डोळ्याला ती एक सलग हिरवी भिंत दिसायची.

"तिथनं येतो," मामा म्हणाला. "त्या लव्हाळ्यातनं."

"बघा तिकडे. अंधार पडेपर्यंत बघत राहा."

तो बघत राहिला. मी त्याच्या बाजूला बसून होतो. पाऊस थांबला, उजेड मंद झाला. मला वाटलं, आता थोड्या वेळात तो म्हणेल काही दिसत नाही. मग मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो.

मामा एकदम ताठ झाला.

"हाय."

"काय?"

"बोलू नको. हाय तो. पाठ दिसतेय. काळी पाठ."

मी लव्हाळ्याकडे बघितलं. मला फक्त गवताचे शेंडे हलताना दिसत होते, वाऱ्याने हलतात त्यापेक्षा वेगळे. दुर्बीण एकच, तीही मामाच्या डोळ्याला. मी बघत होतो त्याचा हात. उजवा हात गोणीवर होता, आणि त्याची तर्जनी वाकत होती. हळू. जशी सरांनी मला वाकवायला शिकवली तशीच, न शिकवता.

"उकरतोय. खाली मान घालून उकरतोय. आता आणली असतीस ना तू," मामा कुजबुजला. माझ्याकडे न बघता. त्याच्या आवाजात राग नव्हता, रडू होतं. "मधोमध हाय काट्याच्या. आता मेला असता."

बोट पूर्ण वाकलं आणि तुसात रुतलं.

मग मामाचा श्वास थांबला. मला वाटलं डुक्कर वळला असेल. मामा डोळा काढेना, हलेना. ओहोळाकडे गवत बाजूला झालं आणि साध्या डोळ्यालाही एक काळं काहीतरी उभं राहिलेलं दिसलं. दोन पायांवर.

मामाने डोळा काढला. त्याने दुर्बीण माझ्याकडे ढकलली.

मी बघितलं. ओहोळात एक माणूस उभा होता. पाठीवर पावसासाठी घेतलेलं काळं प्लास्टिक, ते त्याने आता काढून झटकलं. हातात खेकड्यांचा बांबूचा सापळा. त्याला मी ओळखत होतो. वरच्या वाडीतला, मामाकडे दर वर्षी लावणीला येणारा. मामीला डुकराने फाडलं त्या सकाळी झोळी करून रस्त्यापर्यंत उचलून आणणाऱ्यांत तो होता. त्याच्या मागे, जी मला सलग भिंत वाटत होती तिच्यात, जाळ्यांच्या फटीतून वाडीची पायवाट दिसत होती, आणि पायवाटेवरून डोक्यावर मोळ्या घेतलेल्या दोन बाया चालल्या होत्या.

मामा बांधावर उभा राहिला. त्याने हाक मारली.

"ए रे. इकडं ये. वर ये."

तो माणूस चिखल तुडवत वर आला. "काय दादा? भात बघायला बसलात?"

मामा त्याच्याकडे नुसता बघत होता. डोक्यापासून पायापर्यंत, जसं आजारातून उठलेल्या माणसाला बघतात तसं. मग त्याने आपल्या खिशातली तंबाखूची पुडी काढून त्याच्या हातात दिली.

"रात्री पण येतोस काय रे तू इथं?"

"येतो ना. खेकडं काय दिवसा लागत्यात? सगळी वाडी येते."

"बॅटरी घेऊन?"

"घेऊन. पन विझवून बसतो आमी. उजेड बगून दुसरी वाडी पन येते ना मंग खेकडं धरायला," तो हसला. मग गोणीवरच्या दुर्बिणीकडे त्याची नजर गेली. "ती काय गुर्जी?"

मामाच बोलला. "त्याची हाय. लांबचा कागद बघायला."

"कागद?"

"कागद. लांब लावायचा आनि त्याला गोळी मारायची. खेळ असतो."

त्या माणसाने थोडा वेळ विचार केला. "कागद लांब कशाला लावायचा? गुर्जी हायत, जवळ घेऊन वाचायचा."

मामा हसला. ते हसणं मध्येच कुठेतरी तुटलं आणि त्याने खाली बसून तोंड पुसलं. मला वाटलं तोंडावर पाऊस असेल, पण पाऊस थांबला होता.

त्या माणसाने आम्हाला चार खेकडे दिले, लव्हाळ्याच्या पातीने बांधून. अंधार पडायला आला होता, त्याला जायचं होतं. तो उतरायला लागला तेव्हा मामा म्हणाला, "ओहोळ वलांडलास की हाक दे."

"कशाला?"

"दे सांगतो ना. आनि वाडीवर पन सांग, इथनं जाताना आवाज देत जायचं. गप्प बसायचं नाय अंधारात. कुणाच्या शेतात कोन काय घेऊन बसलेला असंल, आपल्याला काय ठाव."

तो मान हलवत गेला. मी दुर्बीण मोज्यात घालायला लागलो. मामाने ती माझ्या हातून घेतली, सदऱ्याच्या टोकाने वरचं तूस झटकलं, आणि स्वतः मोज्यात घातली.

"उद्या शाळेला सुट्टी काढता येईल काय तुला?"

"येईल."

"वनखात्याच्या हापिसात जाऊ मुरबाडला. मी बोलतो, तू लिही. येवढा शिकवलाय तुला, येक अर्ज तर निघंल."

"निघेल मामा."

"बरोबर लिही. मामीचा पाय पन लिही."

आम्ही बांधावर उभे राहिलो. लव्हाळा काळा झाला होता, रान त्याच्यात मिसळलं होतं, त्या बाजूला आता काही म्हणता काही दिसत नव्हतं. मामा कान देऊन थांबला होता. मी काही बोलायला गेलो तर त्याने हात वर करून मला गप्प केलं. बराच वेळ काही आलं नाही. मामाने एक पाऊल बांधाखाली टाकलं.

मग पलीकडून हाक आली. मामाने तिला उलट हाक दिली, आणि म्हणाला, "चल, जेवाय चल."